बांधापलीकडचं औषध

शांताक्काच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी त्या दिवशी आम्ही चार शेतकरी उभे होतो आणि चौघांच्याही हातांत उपटून आणलेली रोपं होती. माझ्या हातात मिरची होती. पानं पिळवटून दोरीसारखी झालेली, शेंडा कोंबडीच्या नखासारखा आत वळलेला. दुसऱ्याच्या टोमॅटोचीही तीच गत. लावणी होऊन आठवडा उलटला होता, श्रावणाचं पाणीही वेळेवर मिळालं होतं, पण रानात उभं राहिलं की अख्खी सरी लुळी पडल्यासारखी दिसायची.

"अक्का, रोगट रोपं दिलीत तुमी," आमच्यातला एक जण फाटकातूनच ओरडला. "आमी गिऱ्हाईक म्हून आलतो, भीक मागाय न्हाय."

शांताक्कानं माझ्या हातातलं रोप घेतलं, मुळाशी बोट लावून बघितलं, पान उजेडाला धरलं आणि हिरव्या जाळीच्या मांडवात शिरली. आम्ही तिच्या मागं. आत ट्रेच्या रांगा होत्या. अलीकडची रोपं ताठ उभी होती. ती चालत पश्चिमेच्या टोकाला गेली आणि थांबली. आमची रोपं याच टोकाची होती आणि तिथं उरलेली सगळी माझ्या मिरचीसारखीच पिळलेली होती.

"परवापत्तुर हे असं नव्हतं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "हरिबाअण्णा, तुमाला सगळ्यांना नवी रोपं देते म्या. पर हे कशानं झालं ते आदी कळू द्या."

आम्ही परत फिरलो. पण मुरूम गावच्या बाजारात बातमी आमच्या आधी पोचली होती. अक्काच्या रोपाला रोग लागलाय म्हणे.

हे तिला किती लागलं असेल ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. शांताक्का अक्कलकोटकडची. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. नवरा बंडप्पा मुरूमच्या अडत बाजारात तोलार, दिवसभर काट्यापाशी उभा राहणारा, मोजकं बोलणारा माणूस. वाटणीत त्याला डांबरी रस्त्याला लागून असलेला मुरमाड तुकडा आला होता, त्यात तुरीशिवाय काही यायचं नाही. शांताक्का सोलापूरकडं एका रोपवाटिकेत रोजंदारीनं जायची. तिथं ती बी टोचायला शिकली, पाणी किती द्यायचं, ऊन कधी दाखवायचं ते शिकली, आणि चार वर्षांपूर्वी तिनं त्या मुरमाडावर स्वतःची जाळी उभी केली. मातीच लागत नव्हती, नारळाच्या भुशात रोपं वाढायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वांग्याची रोपं दिसायला झक्क होती, पण तिनं ती दिली नाहीत. "आजून मूळ धरलं न्हाय. सोमवारी या," म्हणाली. गिऱ्हाईक दारात उभं असताना माल न विकणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून मी दुसरीकडं गेलो नाही.

रोपं कशानं पिळली ते कृषी सहायक शुभांगीनं सांगितलं. तिनं पान भिंगाखाली धरलं, पश्चिमेचे आणि पूर्वेचे ट्रे ताडून पाहिले, मग बांधावर जाऊन उभी राहिली. अंगावरची ओढणी वाऱ्यानं सरळ मांडवाकडं उडत होती.

"रोग नाही हा, अक्का. तणनाशकाचा फटका आहे. उसात मारतात ते टू-फोर-डी. उसाला काही होत नाही, पण मिरची, टोमॅटोला नुसतं वारं लागलं तरी पुरतं. पानं पिळलेली दिसायला मात्र आठवडा जातो. पलीकडं कुणाचा ऊस आहे?"

पलीकडं खाजाभाईचा ऊस होता.

खाजाभाई साठीच्या पुढचा, पांढऱ्या दाढीचा, अजूनही स्वतः दारं धरून उसाला पाणी देणारा शेतकरी. बांधापलीकडची सगळी पट्टी त्याची. मुलगा दानियाल ट्रॅक्टर आणि फवारणी बघायचा. चार-पाच वर्षं बांधालगत तुटलेल्या उसाचा खोडवाच होता, त्याला फवारा लागत नव्हता; त्या महिन्यात त्यांनी उसाची नवी लागण केली होती आणि सरीत तण माजलं होतं.

शांताक्का त्याच संध्याकाळी त्यांच्या रानातल्या वस्तीवर, आखाड्यावर गेली. पिळलेल्या रोपांचा ट्रे तिनं बाजेवर ठेवला. खाजाभाईनं एक रोप उचलून पान उलटून पाहिलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पर मला सांगा अक्का, म्या काय तुमच्या रानात येऊन मारलं का? माझ्या रानात मारलं. वीस-पंचवीस वर्सं मारतोय. तवा तुमच्याकडं तूर होती, तिचं कदी काय वाकडं झालं न्हाय. तुमी नाजूक रोपं माझ्या बांधाला आणून ठिवली. तुमी आला नसता तर माझं औषध कुणाला लागलं असतं?"

"हवा बांधावर थांबती का, खाजाभाई?"

"थांबत न्हाय. तेच तर म्हनतो. मंग म्या ऊस लावायचा बंद करू का?"

दानियाल मागून पुढं आला. "आमच्या रानात आमी काय मारावं ते आता शेजारी सांगनार? खुरपाय बाया मिळतात का कुठं? तुमच्याकडंच सगळ्या कामाला. तुमी जाळी दुसरीकडं हलवा."

तो हे बोलला आणि शांताक्काचा चेहरा लाल झाला. तीही बोलली, नको ते बोलली. खाजाभाईची बायको मैमुना पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पाणी कुणी प्यालं नाही.

घरी आल्यावर ती बंडप्पाला म्हणाली, "अवं, त्यानं म्हनलेलं सगळं खोटं न्हाय. हेचाच लई राग आला मला."

बंडप्पाचा धाकटा भाऊ कृष्णराज त्याच वाड्यात पलीकडच्या दोन खोल्यांत राहायचा. त्यानं हे ऐकलं आणि तो पेटला. दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन उमरग्याला वकिलाकडं गेला. वकील सरळ माणूस होता. दावा टाकता येईल म्हणाला. पण फवारा कुणाचा, कोणत्या दिवसाचा, नुकसान किती, हे सगळं शाबीत करावं लागेल, ते आधीपासून ऊस करत होते हेही समोरचा मांडेल, आणि निकालाला वर्षं जातील. "तोवर तुम्ही रोपं कुठं लावणार?" त्यानं विचारलं. रस्त्यालगत, पाण्याजवळ अशी दुसरी जागा शांताक्काकडं नव्हती.

बाजारात लोक तिच्याकडं बघून गप्प व्हायला लागले. दोघा-तिघांनी कृष्णराजला बाजूला घेऊन या भांडणाला भलताच रंग द्यायचा प्रयत्न केला. ते कानावर आलं तेव्हा शांताक्कानं चारचौघांत त्याला सुनावलं, "भांडान माझ्या रोपाचं हाय. त्यात दुसरं काय कालवलंस तर उंबरा चढू नको माझा."

तो गप्प बसला. पण गप्प बसलेल्या कृष्णराजची तिला जास्त भीती वाटायची.

मग एका सकाळी ओरडा झाला. खाजाभाईच्या नव्या लागणीतली ठिबकची नळी कुणीतरी विळ्यानं जागोजाग कापली होती. सरीत पाण्याची डबकी झाली होती, पलीकडचा अर्धा फड कोरडा. शांताक्का मांडवात होती. तिला बांधावरून दानियालचा आवाज ऐकू आला, शिव्या नव्हत्या, नुसतं एकच वाक्य तो परत परत म्हणत होता. "आता बगतो. आता बगतो."

ती पळत घरी गेली. कृष्णराज ओट्यावर चहा पीत होता. त्याचा विळा कुडाला अडकवलेला होता आणि त्याच्या पात्याला काळं प्लास्टिक चिकटलं होतं. तिनं विळ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"वैनी, त्येंनी आपलं केलं तर चालतंय व्हय?" तो म्हणाला.

तिनं विळा कुडावरून काढून घेतला आणि परत रानाकडं निघाली. वाटेत मी भेटलो. मी नव्या रोपांसाठी आलो होतो. तिचा चेहरा बघून मी मागं मागं गेलो.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा दानियालनं ट्रॅक्टर चालू केला होता. मागच्या टाकीत औषध भरलेलं होतं, त्याचा उग्र वास लांबूनच येत होता. वारा पश्चिमेचा, भरात. नवी लागण बांधापर्यंत होती, बांधापासून मांडव हाकेच्या अंतरावर. जाळीच्या आत त्या वेळी भाद्रपदात न्यायची सगळी रोपं होती. एक फेरी मारली असती तर काहीच उरलं नसतं.

शांताक्का बांध ओलांडून सरीत उतरली आणि ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिली. हातात विळा. लांबून बघणाऱ्याला ती मारायलाच आलीय असं वाटलं असतं. दानियाललाही तसंच वाटलं. त्यानं ट्रॅक्टर थांबवला नाही, फक्त हळू केला. "सरका अक्का!" तो ओरडला. चाक सरीतून तिच्या दिशेनं येत राहिलं.

तिनं विळा खाली टाकला, चाकाच्या समोर.

"हेच्यानं कापलीय तुमची नळी," ती म्हणाली. "म्या कापली न्हाय, पर माझ्या घरच्यानं कापली. नळी म्या भरून देते. आता तुमाला फवारायचंच आसंल तर फवारा."

दानियालनं ब्रेक मारला. तो काही बोलायच्या आधी मागून खाजाभाई चिखल तुडवत आला. त्यानं आधी विळ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग हात वर करून मुलाला म्हणाला, "बंद कर."

"अब्बा, नळी बगितली का तुमी?"

"बंद कर म्हनलं ना."

इंजिन बंद झालं. जाळी वाऱ्यानं फडफडत होती तेवढाच आवाज.

त्या दिवशी काही मिटलं नाही. खाजाभाई एवढंच म्हणाला की कबूल करायला येणारं माणूस त्यानं बऱ्याच दिवसांनी बघितलं, आणि औषधाची टाकी त्यानं लांबच्या रानात रिकामी करायला लावली. पण पुढं काय? तण तर वाढतच होतं. शांताक्का आणि खाजाभाई बांधावर बसले, बंडप्पाला बाजारातून बोलावून घेतलं, मैमुना आली, मीही होतो. बोलणी सुरू झाली ती आठवडाभर चालली आणि दर वेळी मोडता मोडता राहिली.

पहिल्या दिवशी शांताक्का म्हणाली, बांधाकडची पट्टी फवारू नका. खाजाभाई म्हणाला, मग खुरपायचं कुणी, आणि माझा ऊस तणात गेला तर? ती म्हणाली, माझ्या बाया देते. दानियाल हसला. "या वर्सी द्याल. पुढच्या वर्सी?" त्याचं बरोबर होतं. ती उठून गेली.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा मैमुना बोलली. तोवर ती मागं बसून ऐकत होती.

"अक्का, गये साल ओढ्यात ट्रॉली पलटली, तुमाला मालूम हाय ना? दानियाल खाली व्हता. पाय वाचला ते नशीब. दर साल ऊस तुटला की माझा जीव त्या ओढ्यात आसतो. आमाला डांबरीवर जायला तेवढीच वाट हाय." ती थांबली. "तुमच्या रानातून सीधी वाट हाय. तुमच्या सासऱ्याला मागितली व्हती. नक्को म्हनले."

शांताक्कानं बंडप्पाकडं पाहिलं. त्याला ते माहीत होतं. खाजाभाईनं त्याच्या बापाकडं दोनदा वाट मागितली होती आणि दोन्ही वेळा नकार घेऊन गेला होता.

वाट द्यायची तर मांडवाच्या दक्षिणेची कड जाणार होती. तिथं शांताक्काला दुसरी जाळी उभी करायची होती. खांबांसाठी खड्डेही घेऊन ठेवले होते. "दोन दिस द्या मला," ती म्हणाली. मी निघालो तेव्हा ती त्या खड्ड्यांच्या कडेला एकटी उभी होती.

घरी कृष्णराजनं आकांडतांडव केलं. "नुसकान त्येंनी केलं आन वाट आपुन द्यायची? ह्यो कुठला न्याव?"

"न्याव कोर्टात मिळंल, तुझ्या पोराच्या लग्नापत्तुर," शांताक्का म्हणाली. "मला रोपं जगवायचीत. खाजाभाई म्हनतो त्यो आदी व्हता. म्या म्हनते हवा समद्यांची. दोघंबी आपापल्या जागी खरं. मंग बसा की खरं धरून."

"जमीन दादाच्या नावावर हाय," कृष्णराज भावाकडं वळला. "तू वाटेच्या कागदावर सही केलीस तर माझं तुझं तुटलं."

बंडप्पा त्या रात्री जेवला नाही, असं शांताक्कानं मला नंतर सांगितलं. मी त्याला सकाळी बाजारात भेटलो. काट्यावर पोतं चढवत होता. "हरिबा," तो म्हणाला, "आमच्या बापानं वाट का दिली न्हाय, म्हाइताय? काय कारन नव्हतं. द्यायची न्हाय म्हून दिली न्हाय." त्यानं पोतं उतरवलं. "भाऊ सुटंल बग माझा." एवढं बोलून तो पुढच्या पोत्याकडं गेला.

शेवटची बैठक सगळ्यात कडक झाली. खाजाभाईला वाट कायमची हवी होती, बारमाही. शांताक्का म्हणाली, फक्त ऊस तुटायच्या दिवसांत, आणि शेवटी तेच ठरलं. खाजाभाईनं बांधाकडच्या पट्टीतली लागण मोडून तिथं म्हशींसाठी कडवळाचा चारा करायचं मान्य केलं, पण पट्टी किती रुंद यावर दोघं तासभर भांडले. शेवटी दोघं पावलं टाकत चालायला लागले, ती रुंद धरायची, तो अरुंद, आणि अधल्यामधल्या जागी खाजाभाईनं दगड रोवला. बांधावर वारा अडवायला शेवरीची झाडं दाट लावायची, अर्धी तिनं, अर्धी त्यानं. आणि शेवटची अट शांताक्काची होती. पट्टीत नाहीतर बांधावर हे औषध मारलं, तर त्या दिवसापासून वाट बंद. खाजाभाईची उलटी अट होती. तिनं विनाकारण वाट अडवली, तर तो पट्टीत पाहिजे ते करायला मोकळा.

उमरग्याला नोटरीपुढं कागद झाला. खाजाभाईनं सही केली. बंडप्पानं पेन घेतलं आणि किती तरी वेळ कागदाकडं बघत राहिला. शांताक्का त्याच्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत होती. मग त्यानं सही केली, मोठ्या, सावकाश अक्षरांत.

कृष्णराजनं बोलणं तोडलं. आपल्या दोन खोल्या आणि बंडप्पाच्या घरामधे त्यानं पत्रा मारला.

त्या हिवाळ्यात खाजाभाईच्या आतल्या रानातल्या जुन्या उसाच्या ट्रॉल्या शांताक्काच्या रानातून जायला लागल्या. धूळ उडायची, एका ट्रॉलीनं जाळीचा कोपरा फाडला, दानियालनं तो स्वतः शिवला, चिडूनच. मला वाटलं आता सगळं सुरळीत. पण डिसेंबरात, ऊसतोड भरात असताना, शांताक्काच्या कडेच्या ट्रेमधली टोमॅटोची पानं पुन्हा पिळली.

ती बांधावर गेली. गाजरगवत जळून पिवळं पडलं होतं. कुणीतरी पाठीवरच्या पंपानं बांधावर औषध मारलं होतं.

तिनं गड्याला घेऊन वाटेच्या तोंडाशी दोन मोठे दगड लोटले. दुपारपर्यंत भरलेल्या ट्रॉल्या एकामागं एक उभ्या राहिल्या. ऊसतोड टोळीचा मुकादम शिव्या देत होता. तोडलेला ऊस वाळत होता. दानियाल धावत आला, दगडाला हात घालायला वाकला आणि शांताक्का त्या दगडावर बसली.

"उठा अक्का. ऊस वाळतोय."

"तुज्या अब्बाला बोलव."

खाजाभाई आला. तिनं त्याला आत नेलं, पानं दाखवली, मग बांध दाखवला. त्यानं वाकून जळकं गवत हातात धरून पाहिलं. मग वळून दानियालला विचारलं, "कुनी मारलं?"

दानियालनं मान खाली घातली. नव्या गड्याला त्यानं बांध साफ करायला सांगितलं होतं, कशानं ते सांगितलं नव्हतं.

"तेरी गलती," खाजाभाई म्हणाला, आणि शांताक्काकडं वळला. "वाट बंद. कागदात हाय. म्या काय म्हनू?"

मुकादम ओरडला, चालक ओरडले. खाजाभाई जागचा हलला नाही. शांताक्काही दगडावरून हलली नाही. मी तिथंच होतो आणि मला कळत नव्हतं की आता काय होणार. ट्रॉल्या मागं घेऊन ओढ्यातून न्यायच्या तर अंधार पडला असता, आणि ओढ्यात पाणी होतं.

मैमुना घरातून आली होती. ती बांधावर वाकली आणि जळकं गवत हातानं उपटायला लागली. तिच्या मागं दानियाल. मग गडी. शांताक्का बघत राहिली. पानांचं नुकसान झालं होतं ते झालंच होतं, गवत उपटून ते परत येणार नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"भरपाई म्हून काय पाहिजे ते सांगा," खाजाभाई म्हणाला.

"बिघडलेले ट्रे तुमी भरून द्यायचे. बी तुमचं, भुसा तुमचा. आन हितून पुढं बांधावर पंप घेऊन कुनी दिसला तर म्या दगुड काढनार न्हाय, वर्सभर. हे कागदावर चढवा."

"चढवतो."

ती उठली. दगड दानियालनंच सरकवले.

त्याला आता दोन हंगाम झाले. शेवरी माणसाच्या वर गेलीय. आमच्या चौघांपैकी एक जण अजून तिच्याकडून रोपं नेत नाही, अक्काच्या रोपाला रोग असतो असंच तो सांगतो. दुसरी जाळी झाली नाही. कृष्णराजचा पत्रा तसाच आहे, बंडप्पा संध्याकाळी त्याच्या अलीकडं बसतो. गेल्या आठवड्यात मी वांग्याची रोपं आणायला गेलो तर शांताक्का फाटकात चपला घालत होती. दक्षिणेच्या शेजाऱ्यानं या वर्षी पहिल्यांदाच ऊस लावलाय.

"त्येला काय पाहिजे आसंल, हरिबाअण्णा?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या रानाकडं निघाली.